जिवाणी परत करताना

आमच्या औंधच्या घरात दिवस उजाडायचा तो पाणी गाळण्याच्या कामाने. आजी स्नान आटोपून, धूतवस्त्र नेसून परसदारी बसे. समोर पितळेचा हंडा आणि त्याच्या तोंडावर जाड सुती गाळणे. गाळणे छत्तीस अंगुळे लांब, चोवीस अंगुळे रुंद आणि दुहेरी असले पाहिजे, त्यातून सूर्याचे किरण आरपार दिसता कामा नयेत, हा दंडक तिने आम्हा नातवंडांना पाढ्यांच्याही आधी शिकवला होता. विहिरीचे पाणी त्या वस्त्रातून संथपणे हंड्यात उतरे आणि मग खरे काम सुरू होई. गाळणे पिळायचे नाही, झटकायचे नाही. ते अलगद उलटे करून, त्यावर गाळलेल्या पाण्याची धार सोडून, वस्त्रावर राहिलेले सारे एका लहान भांड्यात उतरवून घ्यायचे. हीच जिवाणी.

ही जिवाणी ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत परत गेली पाहिजे, असा नियम. गोड्या पाण्यातले जीव मचूळ पाण्यात सोडले तर ते तगत नाहीत, म्हणून वाटेवरची जवळची विहीर आजीला चालत नसे. काठावरून पाणी ओतायचे नाही, कारण उंचावरून आपटून त्या जिवांचा घात होतो. त्यासाठी आमच्याकडे तळाला कडी असलेली एक छोटी बादली होती. ती दोराने पाण्यापर्यंत उतरवायची, पाण्याला टेकली की हलका हिसका द्यायचा, म्हणजे ती आपसूक कलंडे. हे काम माझ्याकडे असे. एकदा शाळेला उशीर होत होता म्हणून मी जिवाणी परसातल्या कढीलिंबाच्या बुंध्याशी ओतली आणि पळालो. आजी मला एक शब्दही बोलली नाही. तिने फक्त त्या दिवशी सूर्यास्तापर्यंत पाणी घेतले नाही. साठ वर्षे होत आली, तरी तो दिवस मी विसरलो नाही. आज हा लेख लिहायला बसलो आहे तो त्याच दिवसाची दुसरी बाजू सांगण्यासाठी.

आमची विहीर तळ्याच्या खालच्या अंगाला होती. औंध म्हटले की लोकांना डोंगरावरची यमाई आठवते, चित्रकार राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेले श्रीभवानी संग्रहालय आठवते. आम्हा गावकऱ्यांना मात्र त्याबरोबरच आठवते ते पाणी, म्हणजे खरे तर पाण्याची वाण. खटाव आणि माण हा पर्जन्यछायेचा मुलूख. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस आमच्यापर्यंत पोहोचेतो ढग रिकामे झालेले असतात. अशा गावात तळे ही शोभेची वस्तू नसते. तळ्यात पाणी असेल तर त्याचा पाझर विहिरींना मिळतो, आणि विहिरींना पाझर असेल तर गावात माणसे राहतात. १९७२ च्या दुष्काळात हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. तळ्याच्या तळाला भेगा पडल्या, मागोमाग आमच्या विहिरीचा तळ दिसू लागला, आणि आजीची कडीची बादली कितीतरी महिने खुंटीला टांगून राहिली.

पुढे नळ आले. नळाच्या तोंडाला कापडाची पिशवी बांधली गेली. पाणी गाळण्याचा नियम टिकला, कारण तो सोपा होता. जिवाणी मात्र गेली. नळाच्या पाण्याची जिवाणी परत करायची तरी कुठे? पिशवी मोरीत धुतली जाऊ लागली. मोरीचे पाणी गटारात, गटाराचे ओढ्यात, आणि ओढा पावसाळ्यात कुठे जातो हे पाहायला आम्ही कधी गेलो नाही. घेणे राहिले आणि परत करणे सुटले, एवढा हा बदल. तो इतका निमूटपणे घडला की घरात कुणालाही त्याची रुखरुख वाटली नाही.

किराणा दुकानाचा कारभार मी काही वर्षांपूर्वी मुलाकडे सोपवला. मोकळा वेळ मिळाला आणि मी रोज सकाळी तळ्यावर फिरायला जाऊ लागलो. एकदा वडिलांच्या पुण्यतिथीला चार किलो कणकेच्या गोळ्या करून माशांना घातल्या. मासे झुंबड करून वर आले आणि पाणी क्षणभर चंदेरी झाले. मन तृप्त झाले. मग तो परिपाठच पडला. दुकानातले मुदत टळत आलेले पीठ, फुटाण्यांचा चुरा, तुटकी बिस्किटे, चुरमुरे असे रोज काही ना काही मी नेऊ लागलो. माझे पाहून इतरही आणू लागले. कुणी वाढदिवसाला पाव आणी, कुणी उपवासाच्या पारण्याला शेवबुंदी. ‘काकांनी जीवदयेची चांगली प्रथा पाडली,’ असे लोक म्हणत. मलाही ते ऐकायला बरे वाटे, हे लपवण्यात अर्थ नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. भाद्रपद होता, दशलक्षण पर्व सुरू होते. आकाश चार दिवस झाकोळलेले, वारा पडलेला. पाण्याला काही आठवड्यांपासून दाट हिरवा रंग चढला होता. मी त्याला पावसाळ्याचा ताजेपणा समजत होतो. उत्तम संयमाच्या दिवशी पहाटे तळ्यावर गेलो तर काठाच्या उथळ पाण्यात मासे तोंड वर काढून नुसते आ वासत होते. मी हातातली पिशवी उघडून कणीक टाकली. एकाही माशाने तिला तोंड लावले नाही. सूर्य वर येईतो काठाला पन्नाससाठ मासे पांढरी पोटे वर करून तरंगत होते. कुणी म्हणाले विष घातले असेल, कुणी म्हणाले रोग आला असेल. मी मंदिरात जाऊन बसलो, पण त्या दिवशी पूजेत चित्त लागले नाही.

माझी मुलगी कोल्हापुरात रंकाळ्याकाठच्या एका वसाहतीत राहते. तिची लेक प्राणिशास्त्राची पदवीधर. तिला फोन केला तर तिने पहिला प्रश्न विचारला, “आजोबा, मासे किती वाजता मेले?” मी म्हणालो, पहाटे. दुसरा प्रश्न, “पाणी हिरवे आहे का?” मी हो म्हणालो. “मी रविवारी येते. तोवर तळ्यात काही टाकू नका. कणीकसुद्धा नको.”

ती आली ती एक छोटी पेटी आणि दोरीला बांधलेली काळ्यापांढऱ्या रंगाची थाळी घेऊन. थाळी पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होईल तिथे दोरीवर माप घ्यायचे. आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने १८६५ मध्ये समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी अशी थाळी वापरली होती, आणि आजही जगभर तळ्यांचे पाणी तिच्याच साह्याने पारखतात. आमच्या तळ्यात ती थाळी हातभर खोलीवरच दिसेनाशी झाली. आजी गाळण्याच्या वस्त्रातून सूर्य दिसतो का हे पाहत असे, आणि नात पाण्यातून थाळी दिसते का हे पाहत होती. मला ते दोन्ही एकाच घराण्याचे वाटले.

पेटीत होती ती पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची द्रव्ये. दुपारी तीन वाजता तिने मोजले तेव्हा लिटरमागे दहा मिलिग्रॅमच्या वर आकडा आला. मी म्हटले, “मग पुष्कळ आहे की!” ती म्हणाली, “आता पहाटे पाच वाजता मोजू.” पहाटे तोच आकडा दोनच्याही खाली उतरला होता. बहुतेक माशांना सुखाने जगायला पाच मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू लागतो, आणि दोनतीनच्या खाली तो गेला की ते गुदमरू लागतात.

मग काठावर बसून तिने मला सारे समजावून दिले. पाण्याला हिरवा रंग असतो तो अतिसूक्ष्म शेवाळाचा. हे शेवाळ दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडते, परंतु रात्री तेही श्वास घेते आणि तोच प्राणवायू वापरते. शेवाळ माफक असेल तर हिशेब जुळतो. ते बेसुमार वाढले की पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू संपत येतो. ढगाळ दिवसांत तर दिवसाची जमाही कमी पडते. त्यात तळाशी कुजणारे अन्न असेल तर ते कुजवणारे असंख्य सूक्ष्म जीवही त्याच प्राणवायूवर जगतात. “शेवाळ एवढे वाढले कशाने?” मी विचारले. ती जरा घुटमळली. मग म्हणाली, “आजोबा, माशांनी खाल्ली ती थोडी कणीक. उरलेली तळाशी गेली आणि कुजून तिचे खत झाले. शिवाय ओढ्यातून सांडपाणी येते, काठावर कपडे धुतात. तुमच्या एकट्यामुळे हे झाले नाही. पण तुम्हीही खतच घालत होता.”

ज्या हातांनी मी दया करतो असे समजत होतो, त्याच हातांनी पाण्यातला श्वास आटवत होतो. कढीलिंबाच्या बुंध्याशी ओतलेल्या जिवाणीची मला त्या क्षणी आठवण झाली. तेव्हा शाळेची घाई तरी होती. या खेपेस मी रोज सकाळी, सावकाश, पुण्य समजून ते करत होतो.

आपल्या धर्माने जल हेच जीवांचे शरीर मानले आणि त्याखेरीज जलाच्या आश्रयाने राहणारे त्रस जीव वेगळे सांगितले. त्यांना जपण्यासाठी गाळणे आले. जगाला या सूक्ष्म जीवांचे प्रत्यक्ष दर्शन फार उशिरा झाले, आणि ते घडवले एका कापड व्यापाऱ्याने. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा अँटनी व्हॅन लेवेनहूक हा कापडाचा दुकानदार. कापडाची वीण पारखण्यासाठी व्यापारी भिंग वापरत. त्याने स्वतःच्या हातांनी अधिकाधिक शक्तिमान भिंगे घडवली. गावाजवळच्या एका तळ्याचे पाणी हिवाळ्यात नितळ असते आणि उन्हाळ्यात त्यात हिरवट ढग तरंगतात, हे पाहून त्याने ते पाणी आणून भिंगाखाली धरले. त्यात हिंडणाऱ्या इवल्या जीवांचे वर्णन त्याने १६७४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. आपल्यासारखाच पेढीवर बसणारा माणूस तळ्याच्या थेंबात डोकावला आणि त्याला तिथे अवघे जग दिसले, याचे मला फार अप्रूप वाटते.

गाळण्याच्या वस्त्राचीही पुढे शास्त्राने पारख केली. बांगलादेशात तळ्यांचे पाणी पिणाऱ्या गावांत रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या सुती साडीच्या अनेक घड्या करून त्यातून पाणी गाळायला स्त्रियांना शिकवले. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जलचरांना चिकटून राहतात आणि ते जलचर कापडावर अडकतात. या गावांत पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले, असे त्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. आजीच्या वस्त्राची थोरवी यातून कळते, आणि त्याची मर्यादाही. वस्त्र जीव अडवते, परंतु पाण्यात विरघळलेला साबण, मूत्र किंवा खत अडवू शकत नाही. त्यांचा बंदोबस्त तळ्यात येण्याआधीच करावा लागतो.

नातीने मला नंतर कोल्हापूरला नेले. रंकाळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. शालिनी पॅलेसची छाया, संध्यामठ, संध्याकाळी चौपाटीवर लोटणारी गर्दी. अंबाबाईच्या दर्शनाला गेलेला माणूस रंकाळा पाहिल्यावाचून परतत नाही. परंतु शहर वाढत गेले तसे आसपासच्या वसाहतींचे सांडपाणी नाल्यांवाटे या पाण्यात उतरू लागले. जलपर्णीने कित्येकदा पाणी झाकून टाकले. लोकांनी, महापालिकेने, स्वयंसेवकांनी ती उपसून काढली, आणि ती पुन्हा आली. पुढे पाणी रंग ओतल्यासारखे हिरवे झाले आणि काठावर दुर्गंधीने उभे राहवेना, असेही दिवस आले. माझी मुलगी सांगते, त्या काळात आमच्या घराच्या पश्चिमेच्या खिडक्या उघडतच नसत. ज्या खिडक्यांतून तळे दिसते म्हणून घर घेतले, त्याच बंद ठेवायची वेळ आली. मग श्याम सोसायटीच्या नाल्यासारख्या वाटांनी येणारे सांडपाणी अडवून वळवण्याकडे लक्ष गेले, गणेशविसर्जनासाठी शेजारच्या इराणी खणीची वाट दाखवली गेली. काम अजून संपलेले नाही, पण दिशा तीच आहे.

रंकाळ्याच्या काठावर मला आपल्या शास्त्रातला तळ्याचा दृष्टांत आठवला. पाठशाळेत आपण सर्वांनी तो ऐकला आहे. तळ्याला पाणी येण्याच्या वाटा असतात, तोवर कितीही उपसा केला तरी तळे रिकामे होत नाही. आधी वाटा बुजवाव्या लागतात, मग साठलेले उपसावे लागते. पाणी येणे हा आस्रव, वाटा बुजवणे हा संवर, साठलेले काढून टाकणे ही निर्जरा. दृष्टांतात पाणी म्हणजे कर्म आहे आणि आपल्याला ते नको आहे. प्रत्यक्ष तळ्यात पाणी हवे आहे आणि मळ नको आहे, एवढा भेद मनात ठेवायचा. बाकी क्रम तोच. जलपर्णी उपसणे ही निर्जरा. नाला चालू ठेवून ती करत राहिलो तर वर्षानुवर्षे उपसतच राहू. संवर आधी.

तळ्यांच्या अभ्यासकांनीही अनुभवाने हाच क्रम ठरवला. कॅनडात डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक तळे मधोमध पडदा घालून दुभागले. एका भागात कार्बन व नत्र घातले, दुसऱ्या भागात त्याच दोहोंबरोबर स्फुरदही घातले. स्फुरद असलेला अर्धा भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा तसाच राहिला. हे स्फुरद सांडपाण्यातून येते, खतांतून येते, आणि धुण्याच्या अनेक पावडरींतूनही येते. अमेरिकेत सिएटल शहराच्या काठी वॉशिंग्टन नावाचे सरोवर आहे. भोवतालच्या वस्त्यांच्या सांडपाण्याने ते हिरवे पडू लागले, तेव्हा तिथल्या नागरिकांनी १९५८ मध्ये मतदान करून स्वतःवर खर्चाचा बोजा घेतला आणि १९६८ पर्यंत सांडपाणी सरोवरापासून पूर्णपणे वळवले. सरोवरात कोणतेही औषध ओतले नाही. येणे थांबले आणि पुढच्या काही वर्षांत पाणी आपले आपण निवळले. पाणी निवळण्याचा स्वभाव घेऊनच आलेले असते. आपण त्याला सवड द्यायची असते.

आम्ही व्यापारी माणसे. जमाखर्च मांडल्याशिवाय आम्हाला गोष्ट पटत नाही. औंधला परतल्यावर मी जुन्या खतावणीचे एक कोरे पान घेतले आणि तळ्याच्या नावे खाते उघडले. तळ्यात काय काय येते? ओढ्यातून सांडपाणी, वरच्या शेतांतून वाहून येणारे खत, धुणी, निर्माल्य, माशांचे खाणे, प्लास्टिक. मग प्रत्येक बाबीपुढे ‘यात आमचे घर किती’ असा रकाना आखला. निर्माल्याकडे आणि धुण्याकडे बोट दाखवणे सोपे होते, कारण ती दुसऱ्यांची होती. पण रकाना भरू लागलो तसा हात जड होत गेला. काठावर ज्या पावडरीने कपडे धुतात ती आमच्याच दुकानातली. आमच्या घरच्या लग्नात हजार पानांची पंगत थर्मोकोलच्या ताटांत वाढली होती, आणि त्यातली किती ताटे वाऱ्याने ओढ्यात गेली ते मी पाहिले होते. आमची मोरी गटारालाच जोडलेली.

रात्री मुलाला ते पान दाखवले. त्याने शांतपणे वाचले आणि म्हणाला, “अण्णा, पावडर आपण ठेवली नाही तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल. तळ्यात पावडर तेवढीच पडेल, फक्त नफा दुसऱ्याचा होईल.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मी रागावलो, तो गप्प बसला, आणि आठवडाभर आम्हा दोघांत कामापुरते बोलणे उरले. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत तळी, सरोवरे सुकवण्याचा व्यवसायही सांगितला आहे, हे मी त्याला ऐकवले. “आपण कुठे तळे सुकवतो?” तो म्हणाला. सुकवत नाही, हे खरे. पण पाण्याखालच्या जीवाला पाणी आटले काय आणि श्वास आटला काय, अंत एकच.

शेवटी तोड निघाली ती सुनेकडून. ती म्हणाली, “लोकांना कपडे धुवायला जागा हवी आहे, त्यांना तळेच हवे आहे असे नाही.” मग काठापासून दूर, उताराच्या उलट बाजूला, आमच्याच पडीक तुकड्यावर धुण्याचे चार दगड बसवले, पाण्याची टाकी ठेवली आणि सांडपाण्यासाठी विटांच्या तुकड्यांनी व वाळूने भरलेला शोषखड्डा केला. टाकीत रोज पाणी भरण्याचा खर्च दुकान सोसते. मुलाने स्फुरद नसलेली पावडर दर्शनी मांडणीवर ठेवली आणि जुनी मागच्या फळीवर. विक्री काही महिने घटली, नंतर थोडी सावरली. पूर्ण सावरली असे मी म्हणणार नाही. घरची मोरी परसातल्या केळींकडे वळवली. थर्मोकोलची ताटे दुकानातून गेली आणि पत्रावळी आल्या.

याच काळात एकाने सुचवले की तळ्यात मोरचूद टाका, शेवाळ आठ दिवसांत मरेल. आमच्याच दुकानात मोरचूदाची पोती होती. मोह झाला, कारण पुढच्या दशलक्षण पर्वाच्या आत पाणी स्वच्छ दिसावे असे मला वाटत होते. नातीला विचारले. ती म्हणाली, “शेवाळ मरेल, पण मेलेले शेवाळ कुजताना पुन्हा प्राणवायू खाईल. आणि मोरचूद फक्त शेवाळाला ओळखून मारत नाही. त्याने पाण्यातले किडे, शिंपले, मासेही दगावतात.” पाणी स्वच्छ दिसणे आणि पाणी जिवंत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा उमगले. पोती दुकानातच राहिली.

साठलेल्या गाळाचा प्रश्न उरला. शासनाच्या २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेमुळे आपल्याकडे गाळ शेतात नेण्याची कल्पना आता सर्वांना ठाऊक आहे. गाळात कैक वर्षांचे खत साठलेले असते. ते तळ्याला विष, पण माळरानाला अमृत. उन्हाळ्यात पाणी मागे सरल्यावर उघड्या पडलेल्या काठाचा गाळ काही शेतकऱ्यांनी नेला. ओल्या गाळाला हात लावायचा नाही, कारण त्यात जीव असतात, एवढी अट मी घातली. लोक हसले, पण त्यांनी ती पाळली.

ओढ्याचे सांडपाणी अजून थांबलेले नाही. ते एका घराचे काम नव्हे. पण औंधला ही गोष्ट नवी वाटू नये. याच संस्थानाने १९३९ मध्ये स्वतःची सत्ता सोडून लोकांना राज्यकारभार दिला, आणि त्याची बैठक गावपंचायत ही ठेवली. महात्मा गांधींचा सल्ला त्या घटनेमागे होता. ज्या गावांनी देश स्वतंत्र होण्याआधी आपला कारभार आपण चालवून पाहिला, त्यांना आपला ओढा आपण राखणे जमणार नाही असे कसे म्हणावे? ग्रामसभेत मी दोनदा हा विषय मांडला. पहिल्या वेळी वेळ संपली. दुसऱ्या वेळी ओढ्याच्या तोंडाशी सांडपाणी मुरवण्यासाठी खड्डे घ्यावेत, एवढे मान्य झाले. तिसऱ्यांदाही जाणार आहे.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे आता पुण्यात, कोल्हापुरात, सांगलीत, मुंबईत तळ्याकाठच्या किंवा नदीकाठच्या वसाहतींत राहतात. घरी पाणी गाळून पिण्याचा नियम आपण पाळतो, पर्वात उकळलेलेही घेतो. माझी विनंती एवढीच आहे, की आपल्या घरातून बाहेर पडणारे पाणी कुठे जाते, हे एकदा चालत जाऊन पाहा. वसाहतीचे सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्र चालू आहे की विजेचे बिल वाचवण्यासाठी बंद आहे, हे सभेत विचारा. माशांना काही घालावेसे वाटले, तर ते पैसे पाण्याकाठी झाडे लावण्यात घाला. मोठ्या तळ्यातला मासा आपल्या पिठावाचून उपाशी मरत नाही. आणि संघाच्या भोजनांतून थर्मोकोल व प्लास्टिक हद्दपार करा. यातले काहीही अणुव्रतांच्या पलीकडचे नाही.

गेल्या वर्षी दशलक्षण पर्वात नात पुन्हा आली. थाळी कमरेएवढ्या खोलीपर्यंत दिसली. पहाटेचा आकडा चारच्या वर होता. “अजून पाच नाहीत,” ती म्हणाली. मासे मात्र वर येऊन आ वासत नव्हते. क्षमावाणीच्या दिवशी सर्व नातलगांना, गिऱ्हाइकांना क्षमा मागून झाल्यावर मी तळ्यावर गेलो आणि हात जोडले. आजीची कडीची बादली आता माळ्यावर नाही. मी ती खाली काढून, घासून, दुकानात गल्ल्याशेजारी टांगली आहे. नवी गिऱ्हाइके विचारतात, “काका, या बादलीला कडी तळाशी का?” मी त्यांना सांगतो, घेतलेले पाणी परत कसे द्यायचे, ते शिकवण्यासाठी.

जय जिनेंद्र.